तालीम, ट्रायल आणि के.टी.

"लेका, तेवीस तारखेला निवड चाचणी आहे आणि तेवीसलाच ॲप्टी. आता काय करू, तूच सांग."

हा प्रश्न मला मेसमध्ये विचारला गेला, तोही हातात वांग्याची भाजी असताना. विचारणारा माझा रूममेट. सांगलीकडचा गडी, कबड्डीत उजवा कोपरा सांभाळतो आणि कॉलेजच्या जिमखान्याची निम्मी कपाटं त्याच्या ट्रॉफ्यांनी भरलेली आहेत. तेवीसला मुंबई उपनगरची निवड चाचणी होती. त्याच दिवशी कॅम्पस प्लेसमेंटच्या पहिल्या कंपनीची ॲप्टिट्यूड टेस्टही होती. त्याने आधी एका सरांना विचारलं. सर म्हणाले, "आधी डिग्री, मग खेळ." मग कोचना विचारलं. ते म्हणाले, "डिग्री म्हातारपणीही मिळते, गुडघे मिळत नाहीत." दोघंही खरं बोलले आणि याचं काम काही झालं नाही. शेवटी तो माझ्याकडे आला. म्हणजे बघा, परिस्थिती किती हाताबाहेर गेली असेल!

माझा या विषयातला अधिकार एवढाच, की तीन वर्षं मी कॉलेजच्या एकांकिकांची प्रकाशयोजना केली आहे आणि मॅथ्स-थ्रीची के.टी. ही त्या कलासेवेची मला मिळालेली एकमेव ढाल आहे. पण प्रश्न डोक्यात बसला. आपल्या हॉस्टेलवर गाणारे, नाचणारे, लिहिणारे, पळणारे, ढोलकी बडवणारे (विशेषतः रात्री दोनला!) कितीतरी आहेत. एरवी 'थर्मो'ची कठीण गणितंही सिनियरच्या जर्नलमध्ये सोडवलेली सापडतात. पण 'मला यातच करिअर करायचंय, तर आत्तापासून काय तयारी करू?' याचं उत्तर कुठल्याच जर्नलमध्ये नाही. म्हणून महिनाभर जमेल तेवढं वाचलं, लोकांना पिडलं, आणि त्यातून हा लेख तयार झाला.

सुरुवात एका जुन्या गोष्टीने करतो, कारण ती कॉलेजचीच गोष्ट आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी, खर्डेकरांनी, राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. वैयक्तिक खेळात स्वतंत्र भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्या खेळून त्यांनी आधी सरांचं घर सोडवलं, असं सांगतात. आपल्या कोणत्याही सरांनी घर गहाण टाकावं अशी अपेक्षा नाही, काळजी नसावी! पण गोष्टीचा पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, खाशाबा पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. म्हणजे ऑलिंपिक पदकवाल्यालाही 'नोकरीचं काय?' या प्रश्नातून सुटका नव्हती. सत्तर वर्षं झाली, तो प्रश्न अजून आपल्या मेसमध्ये जेवायला बसतो.

आता अलीकडचं आणि आपल्या जवळचं उदाहरण. घाटकोपरहून मेट्रोत बसलात तर अर्ध्या तासाच्या आत अंधेरी पश्चिमेला पोचता. तिथे भवन्सच्या कॅम्पसमध्ये सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. आपण त्यांच्या फेस्टला जातो, ते आपल्या फेस्टला येतात आणि दोघंही घरी जाऊन एकमेकांना नावं ठेवतो. याच कॉलेजातून सौरभ नेत्रावळकर २०१३ मध्ये कॉम्प्युटर इंजिनीअर झाला. तोच तो, २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवणारा. त्यानंतर सहाच दिवसांनी, १२ जूनला, न्यूयॉर्कमध्ये त्याने विराट कोहलीला पहिल्या चेंडूवर आणि मग रोहित शर्मालाही बाद केलं. त्या दिवशी टी.व्ही. रूममध्ये टाळ्या वाजवायच्या की नाहीत, यावर दोन तट पडले होते.

सगळीकडे त्याची बातमी अशी आली, की बघा, दिवसा ओरॅकलमध्ये सॉफ्टवेअर इंजिनीअर आणि उरलेल्या वेळात क्रिकेटर. आईवडिलांनी लगेच फॉरवर्ड केलं, 'दोन्ही जमतं, मन लावलं की.' माझ्या मते त्याच्या गोष्टीतली खरी शिकण्यासारखी जागा ही नाहीच. ती मधल्या वर्षांत आहे.

नीट बघा. २०१० मध्ये, इंजिनीअरिंगच्या सुरुवातीलाच, तो न्यूझीलंडला अंडर-नाइन्टीन वर्ल्ड कप खेळला. के. एल. राहुल, मयांक अगरवाल, जयदेव उनाडकट, हर्षल पटेल हे त्याच्याच संघात होते. म्हणजे तो कोणी गल्लीतला बॉलर नव्हता. २०१३ ला डिग्री हातात आली, नोकरीही मिळत होती. पण त्याच सुमारास मुंबईच्या रणजी संघातून बोलावणं आलं आणि त्याने ठरवलं की आता पूर्ण वेळ क्रिकेट, पण दोन वर्षं. २०१३-१४ च्या मोसमात कर्नाटकविरुद्ध तो मुंबईकडून रणजी सामना खेळला. एकच. तेव्हा मुंबईकडे झहीर खान होता, धवल कुलकर्णी होता, शार्दूल ठाकूर येत होता. दोन वर्षं संपली, जागा पक्की झाली नाही, आणि २०१५ मध्ये तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एम.एस. करायला गेला. तोपर्यंत त्याने खेळाडूंसाठी क्रिकडिकोड नावाचं ॲपही बनवलं होतं. स्वतःच्या खेळाचे आकडे मांडून बघता येतील, असं काहीतरी. क्रिकेटची दोन वर्षं वाया जाऊ न देता त्यानं ती बायोडेटात आणली, असं म्हणा हवं तर.

पुढचं त्याला तेव्हा माहीत असणं शक्यच नव्हतं. अमेरिकेत नोकरी लागल्यावर शुक्रवारी संध्याकाळी सॅन फ्रान्सिस्कोहून लॉस एंजेलिसला पाचसहा तास गाडी हाकत जायचं, का तर तिथे चांगली खेळपट्टी आहे म्हणून. असं करता करता अमेरिकेच्या संघात आला, कर्णधारही झाला.

त्याने केलेली मला सर्वात अवघड वाटते ती गोष्ट म्हणजे चोविसाव्या वर्षी थांबणं. आपल्याकडे माणूस एकतर सुरूच करत नाही, नाहीतर थांबायचं कधी हे ठरवत नाही. 'बघू, होईल काहीतरी' यात वर्षं जातात. आणि एक गोष्ट आपण विसरतो. नेत्रावळकरांबरोबर त्याच काळात मुंबईच्या मैदानांवर धावणारे शेकडो डावखुरे-उजवे बॉलर होते, त्यांच्यावर बातमी आलेली नाही. अपवादाला नियम समजून आयुष्य आखू नये, हे तर आपल्याला प्रोबॅबिलिटीच्या पेपरात शिकवलेलं आहे. (त्याच पेपरात माझी के.टी. आहे, ही वेगळी गोष्ट.)

यावरून रूममेटशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक क्षेत्राचं एक घड्याळ असतं आणि ती सगळी वेगवेगळ्या वेगाने चालतात.

खेळाचं घड्याळ सगळ्यात निर्दयी. कबड्डीचंच घ्या. एक वाट क्लब, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी. दुसरी वाट आंतरमहाविद्यालयीन, मग विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. ही दुसरी वाट पंचविसाव्या वर्षी बंद होते, आणि मुळात तुम्ही विद्यार्थी असाल तरच उघडी असते. फायनल इयरचा माणूस म्हणजे त्या वाटेवरचा शेवटच्या स्टॉपवरचा प्रवासी. २०१४ मध्ये वरळीला प्रो कबड्डी सुरू झाली आणि कबड्डीत पैसे आले हे खरं, आमच्या पठ्ठ्याच्या भिंतीवर २०१५ च्या विजेत्या यू मुंबाचं पोस्टर अजून आहे. पण त्यातही संघ नवीन, कोवळ्या वयाचे खेळाडू वेगळ्या गटातून उचलतात आणि बाकीचे लिलावात जातात. तिथे नाव पोचायचं तर राष्ट्रीय स्पर्धेत दिसावं लागतं. राष्ट्रीय स्पर्धेत दिसायचं तर राज्याच्या संघात यावं लागतं. आणि ते सगळं सुरू होतं त्या तेवीस तारखेच्या चाचणीपासून, जिथे बसायला सतरंजीसुद्धा नसते.

मुलींसाठी तर ही वाट आणखी चिंचोळी. २०१६ मध्ये महिलांची कबड्डी लीग झाली, तीन संघांची, आणि ती पुढे चालली नाही. क्रिकेटमध्ये मात्र २०२३ पासून महिला प्रीमियर लीग आहे आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, त्या रात्री लेडीज हॉस्टेलच्या बाजूने आलेला आवाज आमच्या विंगपर्यंत पोचला होता. मुद्दा असा, की तुमच्या खेळात आज पैसे कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे 'पॅशन'च्या भाषणांत कोणी सांगत नाही. ते आपणच बघायचं.

मग बाकीचे खेळाडू जगतात कशावर? नोकरीवर. भारतात खेळाचं करिअर म्हणजे बहुतेक वेळा खेळाच्या जोरावर मिळालेली नोकरी, आणि त्या नोकरीच्या जोरावर चालू ठेवलेला खेळ. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी नेमबाजीत ब्राँझ घेणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. म्हणजे आपण घाटकोपरला ज्यांना बघून पास शोधायला लागतो, त्यांच्यापैकी एक! त्याआधी तो नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. पॅरिस हे त्याचं पहिलं ऑलिंपिक आणि तेव्हा वय अठ्ठावीस. मधली नऊ वर्षं महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होत होता, म्हणून नेम धरता आला.

रेल्वे, पोलीस, सैन्यदलं, बँका, तेल कंपन्या हे खेळाडू घेतात. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण इथे कागद बोलतो. नुसत्या 'सहभागी झाला' याला फारशी किंमत नाही, पहिल्या तिनांतलं स्थान लागतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. मध्यंतरी बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून ती कडकच झाली आहे. आमच्या वीराची अवस्था अशी, की तीन वर्षांची सर्टिफिकेटं गादीखाली, त्यातल्या दोघांवर चहाचे गोल आणि एकावर नावाचं स्पेलिंग मार्कशीटपेक्षा वेगळं. स्पेलिंग स्पर्धा संपल्यावर आठवड्यात दुरुस्त होतं, तीन वर्षांनी होत नाही. आम्ही एक रविवार घालवून सगळं फाइलमध्ये लावलं, स्कॅन करून ठेवलं. कंटाळवाणं काम आहे, पण ही सुद्धा प्रॅक्टिसच.

आता माझ्या आवडीचा विषय, नाटक.

घाटकोपरला राहून नाटकाचं वेड लागणं तसं सोपं आहे. पूर्वेला झवेरबेन सभागृहात गुजराती नाटकांच्या रांगा लागतात, मराठीसाठी मुलुंडला कालिदासला जायचं. आणि कॉलेजात एकांकिका. आय.एन.टी., पुण्याचा पुरुषोत्तम करंडक (१९६३ पासून), लोकसत्ताची लोकांकिका, आणि सगळ्या विजेत्यांची ती 'सवाई', प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या रात्री चालणारी. बाहेरच्याला वाटतं ही पोरं मजा करतात. खरं तर महाराष्ट्रात अभिनेता, दिग्दर्शक, लेखक तयार करायची ही सगळ्यात मोठी शाळा आहे, फक्त तिला इमारत नाही. देवेंद्र पेमचं 'ऑल द बेस्ट' आधी कॉलेजच्या पोरांची एकांकिका होतं. १९९३ मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि त्यातून भरत जाधव, अंकुश चौधरी, संजय नार्वेकर आपल्याला मिळाले. प्राजक्त देशमुखचं 'देवबाभळी'ही आधी एकांकिका, मग २०१७ मध्ये पूर्ण नाटक.

पण शाळेत नापासही करतात. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्या लायकीची एकांकिका झाली नाही, म्हणाले. केवढा गदारोळ झाला! माझं मत विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही) ते बरंच झालं. कॉलेजमध्ये आपल्याला टाळ्या आपल्याच मित्रांच्या मिळतात. पहिल्या रांगेत आपलेच एफ.ई.चे शिट्टीबहाद्दर. बाहेर असं कोणी नसतं. ते कळायला एखादी रिकामी ट्रॉफी बरी.

नाटकाचं घड्याळ कबड्डीच्या उलट चालतं. डॉ. श्रीराम लागू पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये असल्यापासून नाटकं करत होते. नाक-कान-घशाचे सर्जन झाले, पुण्यात प्रॅक्टिस केली, मग टांझानियात जाऊन केली, आणि १९६९ मध्ये पूर्ण वेळ नट झाले. तेव्हा वय बेचाळीस. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'. बेचाळिसाव्या वर्षी कोणी उजवा कोपरा होत नाही! म्हणून अभिनय करणाऱ्याने तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडायची घाई करायची फारशी गरज नाही, असं मला वाटतं. उलट सगळेच इतके थांबू शकत नाहीत हेही खरं. अतुल कुलकर्णींना इंजिनीअरिंग झेपलं नाही, ते सोडून सोलापूरला परतले, तिथे नाटक केलं, नॅशनल स्कूल ऑफ ड्रामातून १९९५ मध्ये बाहेर पडले. ज्याला आतून नकोच आहे, त्याने चार वर्षं के.टी. गोळा करण्यात अर्थ नाही. फक्त त्यांनी सोडलं आणि मग रीतसर शिकायला गेले, हे दुसरं वाक्य आपण गाळतो.

शिकायचं कुठे? दिल्लीच्या त्या स्कूलला पदवी लागते, कुठलीही चालते, आणि किमान सहा नाटकांतला अनुभव दाखवावा लागतो. एकांकिका मोजायच्या तर पुरावा हवा, तेव्हा स्पर्धेची माहितीपत्रकं, फोटो, सर्टिफिकेटं जपा. (पुन्हा तीच फाइल!) जवळच हवं असेल तर कलिनाला मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ पासून आहे, घाटकोपरहून रिक्षानेही जाता येतं. पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र.

आणि ऑडिशन्स. घाटकोपर मेट्रोचं दुसरं टोक वर्सोवा, आणि वर्सोव्याला आराम नगर. बंगल्यांच्या त्या गल्ल्यांमध्ये दिवसभर पोरं एकच ओळ वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणत उभी असतात. आमच्यातला एक सिनियर वर्षभर गेला. त्याच्याकडून समजलेलं सांगतो. ऑडिशनसाठी, 'रजिस्ट्रेशन'साठी, 'पोर्टफोलिओ इथेच काढा'साठी कोणी पैसे मागितले की उलट पावली निघायचं. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. दुसरं, मालिकेत काम मिळालं तरी पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. म्हणजे जूनमध्ये काम केलंत तर गणपती होऊन गेल्यावर चेक, आणि घरमालक तर एक तारखेला दारात. तीन महिन्यांचं भाडं गाठीशी असल्याशिवाय मुंबईत स्ट्रगल करता येत नाही. गावाकडून आलेल्या पोराचं करिअर कितीतरी वेळा अभिनयापायी नाही, तर या तीन महिन्यांपायी संपतं. तिसरं, कागदावर सही करण्याआधी कागद वाचायचा. आपण लॅबचे मॅन्युअल न वाचता सही घेतो, ती सवय तिथे महागात पडते.

आता खास आपल्या जमातीसाठी. पडद्यामागे इंजिनीअरला किती जागा आहे, हे आपल्याला कोणी सांगतच नाही. पुण्याच्या एफ.टी.आय.आय.ला ध्वनीच्या कोर्ससाठी बारावीला फिजिक्स असावं लागतं. म्हणजे तो दरवाजा आर्ट्सवाल्यांना बंद आणि आपल्याला उघडा! तिथलाच ध्वनी शिकलेला रसूल पोकुट्टी २००९ मध्ये ऑस्कर घेऊन आला. पवईला आय.आय.टी.मध्ये आय.डी.सी. आहे, डिझाइनचं शिक्षण देणारी १९६९ पासूनची संस्था, तिथे ॲनिमेशनमध्ये एम.डेस. करता येतं आणि त्याची सीड नावाची प्रवेश परीक्षा इंजिनीअरही देतात. प्रत्येक मोठ्या संघाला आज व्हिडिओ बघून प्रतिस्पर्ध्याच्या चढाया मोजणारा माणूस लागतो. नाट्यगृहातल्या डिमर बोर्डवर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा मला कळलं, की आपण सेकंड इयरला जे सर्किट न समजता पाठ केलं ते हे होतं. नंतर त्या पेपरात मला बरे मार्क पडले. हा योगायोग सरांनी कृपया नोंद करून घ्यावा.

सरांचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द, रागावू नये. नव्या शैक्षणिक धोरणात खेळ, नाट्य, संगीत यांना क्रेडिट मिळायला लागलं, चांगलंच झालं. पण क्रेडिट मिळणं आणि तयारी होणं यात फरक आहे. आम्हाला हवं ते फार साधं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या स्पर्धा आणि एकांकिकांच्या प्राथमिक फेऱ्या असतात, हे दरवर्षीचं आहे, पंचांगासारखं ठरलेलं. त्याच आठवड्यात सबमिशन ठेवणं टाळता येईल का? ७५ टक्के हजेरीला आमची हरकत नाही, पण कॉलेजतर्फेच खेळायला गेलेला मुलगा परत येतो तेव्हा त्याचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये असतं आणि चुकलेलं प्रॅक्टिकल पुन्हा मिळत नाही. मागच्या वर्षी माझ्या रूममेटच्या बाबतीत हे झालं. ट्रॉफी ऑफिसात ठेवायला गेला आणि तिथेच नोटीस हातात मिळाली. शिवाय गुडघा सुजला की आमच्याकडे उपाय एकच, मेसमधला बर्फ. आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट आला तरी चार जणांचं करिअर दोन वर्षांनी वाढेल. प्लेसमेंटसाठी आपण माजी विद्यार्थी बोलावतो, तसा एखादा रेल्वेत खेळाडू म्हणून लागलेला, एखादा पोस्ट-प्रॉडक्शनमध्ये असलेला बोलवावा. त्याला चहा आणि समोसा पुरतो.

बरं, तेवीस तारीख.

आम्ही कागद घेऊन बसलो आणि मग आणखी एक घड्याळ निघालं, ज्याचा मी विचारच केला नव्हता. त्याच्या शिक्षणाचं कर्ज आहे. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. म्हणजे नेत्रावळकरची दोन वर्षं याला परवडणारी नाहीत, याच्याकडे एकच आहे. त्याने घरी फोन लावला. त्याचे आबा फार बोलत नाहीत. सगळं ऐकून म्हणाले, "वर्षभर खेळ. पण हप्ता सुरू होईल तेव्हा हातात काहीतरी पायजे, जमीन मी काढणार नाही." याने "हो आबा" म्हटलं आणि बराच वेळ गॅलरीत उभा राहिला.

मग मी एक अतिशय बुद्धिमान सूचना केली, जी तीन आठवड्यांत कोणालाच सुचली नव्हती. चाचणी नक्की किती वाजता आहे, हे फोन करून विचारावं. विचारलं. सकाळी आठला वजन आणि नोंदणी, खेळ दुपारनंतर. नोंदणी क्लबचा माणूस सांभाळतो म्हणाला, वजनाला मात्र स्वतः यावं लागेल, अकरापर्यंत चालेल. ॲप्टी नऊ ते दहा. पावणेअकराला तो मैदानावर होता, फॉर्मल शर्ट आणि खाली हाफ पँट अशा अवतारात.

ॲप्टी निघाली आहे, इंटरव्ह्यू व्हायचा आहे. जिल्ह्याच्या संभाव्य खेळाडूंत नाव आलं आहे, अंतिम यादी हा अंक छापायला जाईपर्यंत लागलेली नाही. आमच्या खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून त्याने खडूने पुढच्या वर्षीची एक तारीख लिहून ठेवली आहे. खाली माझ्या के.टी.ची तारीख मी लिहिली आहे. ती आधी येते.